पाहुण्यांची निळी बॅग

विश्वासकाकाचं लग्न सुनेत्राताईशी जमलं, तर विनयाचा फायदा एकूण चार कलमी होता.

पहिलं कलम, तिची खोली तिला परत मिळणार होती. काका सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत उपकरणं बनवायचा आणि अर्धवट राहिलेली घरी घेऊन यायचा. त्यामुळे गेली दोन वर्षं विनयाच्या खोलीत काका कमी आणि भिंगं, नळ्या, स्क्रूच्या बरण्याच जास्त राहत होत्या. दुसरं कलम, मे महिन्यात हक्कानं जायला सांगली आणि कृष्णेचा घाट. तिसरं कलम धाकट्या मोहनचं. नऊ वर्षांचा हा गडी चंदीगडातच जन्मलेला. ‘आई, भूख लागलीय यार!’ असलं मराठी बोलायचा. घरात एक सांगलीकर बाई आली की तो सुधारेल, असा आईचा अंदाज होता. विनयाला मात्र तो चिडेल, एवढंच पुरेसं होतं. आणि चौथं कलम सगळ्यांत वजनदार. सुनेत्राताईचा भाऊ चारुदत्त यानं पत्राच्या शेवटी ताजा कलम लिहिला होता: ‘आमची ताई दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारते, तेव्हा पलीकडच्या काठावरच्या म्हशी मान वर करतात.’

ही शिट्टी विनयाला शिकायचीच होती!

तोट्याची बाजू कोरी होती. फक्त आजचा एक दिवस, आई इस्पितळात ड्यूटीवर असतानाही, दोन्ही घरांत कुरबूर न होता पार पडायला हवा होता.

अठ्ठ्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच सरली होती. सांगलीची मंडळी अंबाल्याला नातेवाइकांकडे आली होती. ‘सहजच चंदीगड बघून जाऊ’ असं राजाभाऊंनी, म्हणजे सुनेत्राताईच्या वडिलांनी, कळवलं होतं. ‘सहजच आम्हीही फिरायला निघालोच आहोत’ असं विनयाच्या बाबांनी उत्तर पाठवलं होतं. हे ‘सहज’ काय असतं, ते मोहनसुद्धा ओळखून होता.

“काका, आज तुझी परीक्षा आहे ना?” सेक्टर सतराच्या बसस्टँडवर तो ओरडला.

“हळू बोल!” काका म्हणाला आणि त्यानं पाचव्यांदा भांग सारखा केला.

स्टँडवरचा कर्णा एकसारखा बजावत होता: बेवारस वस्तूला हात लावू नका, लगेच पोलिसांना कळवा. भिंतीवर तेच, खांबावर तेच. पंजाबात बॉम्बस्फोटांचे दिवस, म्हणून वाळूच्या पोत्यांमागे बंदूकवाले शिपाई उभे होते. ही पाटी वाचून वाचून विनयाला पाठ झाली होती. मोठ्या माणसांना इतकी पाठ झाली होती की ती त्यांना दिसतच नव्हती.

अंबाल्याची बस आली. टपावरून सामान खाली येऊ लागलं, आणि काकानं एकदम झेप घेतली! सरोजकाकूंनी, म्हणजे सुनेत्राताईच्या आईनं, पत्रात लिहिलंच होतं: ‘सामानाला लाल चिंध्या बांधल्यात, म्हणजे चुकामूक व्हायची नाही.’ मंडळी बसमधून उतरून चपला नीट करेपर्यंत काकानं लाल चिंधीचं सगळं सामान गोळा केलं होतं. खांद्याला हिरवी थैली, एका हातात तपकिरी चामडी बॅग, दुसऱ्या हातात वेताची टोपली आणि गळ्यात एक निळी रेक्झिनची बॅग.

“अहो, अहो, विश्वासराव! आम्ही घेतो ना!” राजाभाऊ धावले.

“छे छे! तुम्ही पाहुणे!”

“केवढं ते ओझं!” सुनेत्राताई म्हणाली. काकाला वाटलं, आपलं कौतुक झालं. त्याचे कान लाल झाले.

मॅटाडोर व्हॅनचे ड्रायव्हर बलबीरसिंग यांचा एक नियम होता. तो त्यांनी दार उघडण्याआधीच बाबांना सांगून टाकला. “प्रोफेसरसाहब, जिथं उतराल तिथं सगळं सामान बरोबर न्यायचं जी! रिकाम्या गाडीत बॅग दिसली की पोलीस मलाच पकडतात. पिछले महीने तीन घंटे बिठाया!”

झालं. तिथून बॅगांची वरात सुरू झाली.

रॉक गार्डनच्या वाटेवर नाका लागला. शिपायानं आत डोकावून विचारलं, “सामान किसका है?”

“सब अपना ही है जी,” बाबा आणि राजाभाऊ एका सुरात म्हणाले.

शिपायानं वरची टोपली उघडली. त्यात चकल्या होत्या. त्यानं एक उचलली, उलटसुलट करून पाहिली, खाल्ली आणि हात हलवून गाडी सोडली.

रॉक गार्डनमध्ये फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्या होत्या, कपबश्यांच्या तुकड्यांची माकडं होती, आणि दारं इतकी बुटकी की प्रत्येकाला वाकावंच लागे. पण त्याकडे बघायला मोठ्यांना सवड कुठे होती?

“श्रीनिवासराव, ती निळी बॅग इकडे द्या बघू,” राजाभाऊ बाबांना म्हणाले.

“अजिबात नाही. तुम्ही आमचे पाहुणे.”

“अहो, पण सकाळपासून तुम्हीच वाहताय!”

“मग काय झालं? दिली तर राजाभाऊ, मला वाईट वाटेल.”

“आणि नाही दिली तर मला वाईट वाटेल!”

बुटक्या दारात दोघंही एकाच वेळी वाकले, मधे बॅग अडकली, आणि मागे दिल्लीच्या सहलीची पन्नास पोरं खोळंबली. आत काहीतरी पत्र्याचं खणखणलं.

“फुटलं तर नाही ना काही?” बाबा घाबरून म्हणाले.

“तेच मी विचारणार होतो!” राजाभाऊ म्हणाले.

विनया हसली. पण तिच्या डोक्यात काहीतरी खुटकन वाजलं. ज्याची बॅग, तो दुसऱ्याला विचारतो का?

दुपारी मंडळी सुखना तलावावर पोचली. समोर निळं पाणी, त्यामागे शिवालिकचे डोंगर, आणि त्यांच्याही मागे कसौलीच्या बाजूचे आणखी उंच डोंगर. सतरंजी पसरली. हिरव्या थैलीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. टोपलीतून चकल्या, करंज्या निघाल्या. सरोजकाकूंना थंडी वाजली, तेव्हा तपकिरी बॅगेतून शाल निघाली. मोहननं पाणी सांडलं, तेव्हा पुसायला फडकंही त्याच बॅगेतून निघालं.

विनया जेवताना मनात गणित मांडत होती. चार बॅगा. तीन बॅगांमधून आतापर्यंत सतरा वस्तू निघाल्या. निळीतून एकही नाही. जेवण झालं, हात धुऊन झाले, बडीशेप झाली, आणि निळी बॅग तशीच! सध्या राजाभाऊ तिच्यावर कोपर टेकून, तिला उशी करून आडवे झाले होते.

तिनं चारुदत्ताला बाजूला ओढलं. “चारू, तुमच्या त्या निळ्या बॅगेत काय आहे रे?”

“आमच्या?” तेरा वर्षांचा चारू करंजी खाता खाता थांबला. “ती तर तुमची आहे ना! तुझ्या काकांच्या गळ्यात होती की सकाळी.”

“आमची नाही! काकाला लाल चिंधी दिसली, म्हणून...”

मोहन मधे घुसला. “क्या हुआ यार?”

“मोहन,” विनया हळूच म्हणाली, “ती निळी बॅग कुणाचीच नाही.”

मोहनचे डोळे बशीएवढे झाले. सकाळचा कर्णा तिघांच्याही कानात घुमत होता: बेवारस वस्तूला हात लावू नका. आणि यांच्या दोन्ही घरांनी तिला सकाळपासून आळीपाळीनं मिरवलं होतं!

“बाबा!” विनया धावली आणि त्यांच्या कानाशी लागली. “ती निळी बॅग राजाभाऊंची नाहीये. तुम्ही विचारा ना त्यांना.”

“शू! पाहुण्यांच्या बॅगेची चौकशी करायची असते का? काय म्हणतील ते? आज सोयरिकीचा दिवस, आणि तू कसल्या उचापती करतेस! जा, खेळ.”

तिकडे चारूलाही तोच प्रसाद मिळाला. “लोकांच्या सामानात नाक खुपसायला शिकवलं का तुला आम्ही? मुलीकडचे आहोत आपण, गप बस,” सरोजकाकू दबक्या आवाजात म्हणाल्या. मोहन काकाकडे गेला होता. काका सुनेत्राताईला पाण्यात डोंगर उलटा का दिसतो ते समजावत होता. त्याला मोहन उलटाही दिसला नाही, सुलटाही नाही.

तिघं झाडामागे जमले.

“आपण ओरडूया, बम म्हणून!” मोहन म्हणाला.

“मग सगळे पळतील, कुणीतरी पाण्यात पडेल,” चारू म्हणाला. “आणि नंतर दोन्हीकडचे म्हणतील, तुमच्यामुळे झालं. ताईचं लग्न बसलं बोंबलत.”

खोली, सांगली, शिट्टी, सगळं बुडणार होतं. पण समोर राजाभाऊ त्या बॅगेवर डोकं टेकून घोरायच्या बेतात होते. आधी त्यांना तिथून उठवायला हवं होतं.

“मोठ्या माणसांना काय सांगितलं की ती ताबडतोब उठतात?” तिनं विचारलं.

“चहा,” मोहन म्हणाला.

“नाही,” विनया म्हणाली. तिचे डोळे चमकले. “चारू, तू बाबांकडे जा. सांग, राजाभाऊंना तुमच्याशी एकट्यात बोलायचंय, लग्नाचं. तिकडे बोटींच्या धक्क्यावर. मी राजाभाऊंना सांगते, बाबांना बोलायचंय. मोहन, तू बाकीच्यांना तिकडेच ओढ. बोटीसाठी रड!”

“मी रडत नाही!”

“आज रड.”

मोहननं असा काही गळा काढला की तलावातली बदकं उडाली. सरोजकाकू, काका आणि सुनेत्राताई त्याच्यामागे धक्क्याकडे निघाले. राजाभाऊ तर ‘एकट्यात’ ऐकताच ताडकन उठले, टोपी घातली आणि चालू लागले. बाबाही सदरा झटकत निघाले. निघताना दोघांनीही एकाच वेळी वळून मुलांना बजावलं, “बॅगेकडे लक्ष ठेवा रे! पाहुण्यांची आहे!”

सतरंजीवर आता फक्त सामान उरलं, आणि त्यात ती निळी बॅग.

“तू जा पोलिसांकडे,” चारू म्हणाला. “मी लांब उभा राहून लोकांना अडवतो.” तो वीस पावलांवर हात पसरून उभा राहिला आणि आपल्या सांगलीच्या हिंदीत ओरडू लागला, “इधर मत बैठो! रंग ओला है! सतरंजी को रंग लगाया है!”

हवालदार कट्ट्यावर बसून शेंगा सोलत होते. विनयाचं बोलणं त्यांनी अर्धं ऐकलं. “कबसे पड़ी है?”

“पडलेली नाही. सकाळपासून आम्हीच घेऊन फिरतोय.”

“तो तुम्हारी है.”

“आमची नाही!”

“फिर उठाई क्यों?”

“त्यांना वाटलं आमची, आणि आम्हाला वाटलं...” विनयाला स्वतःलाच हे सगळं वेड्यासारखं वाटू लागलं. मग तिनं दम घेतला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. “अंकलजी, यहाँ लिखा है, पुलिस को बताओ. मैंने बता दिया. अब आपकी बारी!”

हवालदारांच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

पाच मिनिटांत शिट्ट्या वाजल्या, दोर बांधले गेले, ठाणेदारांची जीप आली. आणि गर्दी मागे हटण्याऐवजी पुढेच यायला लागली! ‘क्या है, क्या है’ करत लोक माना लांब करत होते. हवालदारांची शिट्टी त्या गोंगाटात विरघळून गेली.

तेवढ्यात धक्क्याकडून एक शिट्टी आली. कान फाडून जाणारी, लांबलचक! अख्खा तलाव जागच्या जागी थिजला. सुनेत्राताई कट्ट्यावर चढून उभी होती, दोन बोटं अजून ओठांशी होती.

“पीछे हटो सब!” ती ओरडली. लोक खरंच मागे हटले. विश्वासकाका तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

बाबा आणि राजाभाऊ मात्र धक्क्यावर समोरासमोर बसून इतका वेळ ‘बोला’, ‘नाही, आपणच बोला’ एवढंच बोलले होते. आता ते धापा टाकत आले.

“बॅग किसकी है?” ठाणेदारांनी विचारलं.

“इनकी,” बाबांनी राजाभाऊंकडे बोट दाखवलं.

“इनकी,” राजाभाऊंनी बाबांकडे बोट दाखवलं.

दोन बोटं, दोन वरमलेले चेहरे, आणि मधे ठाणेदारांच्या मिशा.

“म्हणजे तुमची नाही?” बाबांचा आवाज चिरकला. “अहो, मी दिवसभर पाठीचा काटा मोडून घेतला!”

“आणि मी तिच्यावर झोपलो!” राजाभाऊ मटकन खाली बसले. “अहो, सामान मोजून घ्यायची तुमच्याकडे पद्धत नाही का?”

“बघा हं, चिंध्या तुम्ही बांधल्यात!”

झालं! विनयानं डोळे मिटले. पेटलंच आता. पण मधेच काका पुढे आला. त्याचे कान लाल नव्हते, पांढरे पडले होते.

“थांबा. यात कुणाची चूक नाही. बसस्टँडवरून ती मी उचलली. मी चिंधी बघितली, बॅग बघितली नाही. छाप पाडायची घाई झाली होती मला.” तो ठाणेदारांकडे वळला. “जो पूछना है, मुझसे पूछिए.”

सुनेत्राताई काकाकडे प्रथमच नीट बघत होती.

“अंकलजी,” विनया म्हणाली, “मला एक सांगायचंय. ज्याला बॅग टाकून पळायचं असतं, तो तिला खूण कशाला बांधेल? खूण बांधतो तो परत ओळखायला. मला वाटतं, हिचा मालक बसस्टँडवरच शोधत असेल.”

“आणि ती चिंधी आमची नव्हेच,” चारू म्हणाला. “आमच्या आईनं इरकली लुगड्याचा काठ फाडलाय. ही तर साधी मलमल आहे.”

गर्दीतून बलबीरसिंग मान उंचावून बघत होते. ते म्हणाले, “साहबजी, ते पगडीचं कापड आहे. आमच्या घरी पण असंच बांधतात.”

ठाणेदारांनी मिशीवरून हात फिरवला. तरीही त्यांनी कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. लांब दोराला आकडा बांधून बॅग ओढली, पोत्यांआड नेली, तपासली. मग बॅग उघडली.

आत एक घोंगडी होती, पिन्नीच्या लाडवांचा पत्र्याचा डबा होता, लहान मुलीचा फ्रॉक होता. आणि तळाशी पिवळं पाकीट होतं, त्यात पायाच्या हाडाचे एक्स-रे आणि इस्पितळाचा कागद. ‘भरती’पुढे आजचीच तारीख.

ठाणेदारांनी वायरलेसवर विचारलं. पलीकडून खरखरत उत्तर आलं: बसस्टँडच्या चौकीत सकाळी आठपासून एक म्हातारी बसली आहे, बॅग गेली म्हणते, नातीला घेऊन.

“चला!” काका ओरडला.

ती म्हातारी, हरनाम कौर, चौकीतल्या बाकावर बसली होती. मांडीवर सात वर्षांची सिमरन झोपली होती, तिचा एक पाय काठीसारखा बारीक होता. कागदांशिवाय इस्पितळात घेणार नाहीत म्हणून म्हातारी तिथून हलली नव्हती. मधेच उठून गेलो आणि तेवढ्यात बॅग आली तर, या भीतीनं जेवलीही नव्हती. बॅग पाहताच तिनं आधी पाकीट काढलं, छातीशी धरलं आणि मग काकाकडे बघितलं.

“मी नेली, बीबीजी. माझी चूक,” काका खाली मान घालून म्हणाला.

“ते नंतर बघू,” सुनेत्राताई म्हणाली. “इस्पितळ किती वाजता बंद होतं?”

“आई आज तिथेच ड्यूटीवर आहे!” विनया म्हणाली. तिची आई त्याच मोठ्या इस्पितळात डॉक्टर होती. ठाणेदारांनी चौकीतून फोन लावून दिला, काकानं सिमरनला उचलून मॅटाडोरमध्ये ठेवलं, आणि पाचला दहा मिनिटं कमी असताना सिमरनचं नाव वॉर्डाच्या वहीत चढलं. तिच्या शेजारची खाट रिकामी होती. तिच्यावर बसून म्हातारीनं डबा उघडला आणि सगळ्यांच्या हातावर एकेक पिन्नी ठेवली. मग सुनेत्राताईच्या डोक्यावरून हात फिरवून काकाला विचारलं, “तेरी वहुटी है?”

एवढं पंजाबी सांगलीकरांनाही कळलं. राजाभाऊ छताकडे बघू लागले, बाबा चष्मा पुसू लागले.

“अजून नाही,” सुनेत्राताई म्हणाली. “पण होईन म्हणते. चूक झाली तर हा माणूस काय करतो, एवढंच मला बघायचं होतं. बघितलं.”

काकाच्या हातातली पिन्नी खाली पडली. मोहननं ती उचलून खाल्ली.

अंबाल्याची शेवटची बस अंधाराआधीच सुटून गेली होती, त्यामुळे सांगलीकर विनयाच्याच घरी राहिले. ठाणेदार मुद्दाम घरापर्यंत आले. “प्रोफेसरसाहब, पाटी सगळे वाचतात, वागतात कोण? तुमच्या या तीन मुलांनी तलावावरची पाचशे माणसं सांभाळली,” ते म्हणाले आणि तिघांशी हात मिळवून गेले. बाबांनी घसा खाकरून विनयाला सांगितलं, “पाहुण्यांच्या बॅगेची चौकशी करायची असते. करावीच. माझं चुकलं.” राजाभाऊंनी चारूची पाठ थोपटली. एवढ्या जोरात की त्याला ठसका लागला.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विनयानं हिशेब जुळवला. काकाला बायको, तिला खोली. चारूला चंदीगड, मोहनला दोन पिन्न्या आणि बोटीची एक फेरी बाकी. बाबांना व्याही, राजाभाऊंना जावई. सुनेत्राताईनं उद्या सकाळी शिट्टीचा पहिला धडा कबूल केला होता. जमेची बाजू काठोकाठ भरली.

मग ती खर्चाच्या बाजूला आली. तिथे एकच नाव होतं. सकाळी आठपासून उपाशी, कडक बाकावर, मांडीवर नात घेऊन बसलेली हरनाम कौर. आणि वर पिन्न्याही तिनंच वाटल्या होत्या.